नानांची पाटी

आमच्या नानांनी गोठ्यात निघालेला नाग काठीवर उचलून बांधापलीकडे नेऊन सोडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. हात जराही हलला नव्हता. पण याच नानांच्या बंडीच्या खिशात फोन थरथरला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. आधी हात धोतराला पुसायचे, मग फोन बाहेर काढायचे, पडद्याकडे न बघता आमच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघू, काय वाढून ठिवलंय आता." बोलणं संपलं की पुन्हा हात पुसायचे. दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागेल एवढा उंच माणूस, मिशा अशा की पंचायत समितीतले कारकून खुर्चीतून उठत, आणि तळहाताएवढ्या वस्तूला भितो, याचं गावाला हसू यायचं. मला यायचं नाही. मी जन्माची भित्री आहे आणि भित्र्याला भित्रा लांबूनही ओळखू येतो.

नाना माझे सासरे. बीड जिल्ह्यात चकलांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, कापूस-तुरीची बरी जमीन आणि घरात पुढारपण. नाना एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आले होते. पद गेलं तरी माणसं तुटली नाहीत. कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळो, कुणाची पोरगी सासरचे नांदवत नसोत, ऊसतोडीला गेलेल्या कुणाचं म्हातारं मागे आजारी पडो, पहिला फोन नानांना. "फोन न्हाई उचलला की मानूस तुटतो," हे त्यांचं राजकारणाचं सगळं शास्त्र. मी बिंदुसरेच्या धरणाजवळच्या पाली गावची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नानांच्या दोन खिशांत दोन फोन असत आणि दोन्ही लाडके होते. माझ्या यजमानांचं नाव विजय. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथे तसं लिहिलं तर वाचणाऱ्याचा घोळ होईल, म्हणून विजय म्हणते. त्यांनी हे वाचलं तर रागावतील, त्याचीही थोडी भीती आहेच.

नानांना फोनची भीती बसली ती माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा एक मजकूर सगळीकडे फिरत होता: पोरं पळवणारी टोळी आली आहे, बायकांच्या वेशात आहे, सावध राहा. नानांनी तो वाचला आणि आपल्या सगळ्या ग्रुपांवर पुढे पाठवला. त्यात त्यांचं काहीच वाईट नव्हतं. "सावध केलेलं बरं," म्हणाले आणि जेवायला बसले. दोन दिवसांनी पलीकडच्या एका वस्तीवर सुया-बिब्बे विकणाऱ्या एका म्हातारीने एका लेकराच्या हातावर खाऊची गोळी ठेवली. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, नानांनी धाडलंय, म्हणजे खरंच असणार. मग काय झालं ते मी सांगत नाही. नाना जीप घेऊन पोचले, तिला गर्दीतून ओढून काढलं आणि बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिचा हात मोडला होता. खाटेवर पडल्या पडल्या तिने नानांच्या तोंडावरून दुसरा हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, देव तुजं भलं करील. तू कोन गावचा?" नानांना आपलं नाव सांगता आलं नाही. घरी येऊन ओट्यावर बसले आणि सासूबाईंना एवढंच म्हणाले, "तिनं मला आशीर्वाद दिला गं."

त्यानंतर फोन म्हणजे नानांना बिळात घातलेला हात झाला. एक त्यांनी विजयना देऊन टाकला. दुसरा बंद ठेवता येईना, कारण माणूस तुटतो. उघडा ठेवता येईना, कारण आत काय असेल ते माहीत नाही. कुणी साधा फुलाचा फोटो पाठवला तरी तो बराच वेळ निरखत, याच्या पाठीमागे काही आहे का म्हणून. झोपेत दचकत. गेवराईच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि विचारलं, कसला ताण आहे? नानांनी खिशाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना वाटलं छातीत दुखतं, त्यांनी ईसीजीची पट्टी काढली. पट्टी चांगली आली म्हणून आम्ही सगळे खूश झालो आणि नानांचं खरं दुखणं तसंच राहिलं.

त्या दिवाळीत पुण्याहून माझी नणंद आणि जावई आले. जावयांच्या हातात एक विचित्र फोन होता. त्याच्या पडद्यावर उजेड नव्हता, रंग नव्हता, पुस्तकाच्या पानासारखा करडा-पांढरा, त्यावर काळी अक्षरं. त्यात फक्त बोलायचं, चार ओळींचे निरोप वाचायचे आणि गजर लावायचा. फोटो नाही, व्हिडिओ नाही, ग्रुप नाही. जावई म्हणाले, कंपनीत दिवसभर पडदाच असतो, डोकं शांत राहावं म्हणून मुद्दाम हा घेतला. नानांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, उन्हात धरला. उन्हात आमच्या फोनांवर काही दिसत नाही, याच्यावर छापल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. "ह्यो गुमान ऱ्हातो का?" त्यांनी विचारलं. "गुमान राहतो," जावई म्हणाले. नानांनी तो परत दिलाच नाही. जावयांनी त्यात नानांचं सिम घातलं, त्या नंबरचं व्हॉट्सॲप काढून टाकलं आणि स्वतः पुण्याला जाऊन दुसरा घेतला.

सासूबाईंचं मत लगेच तयार झालं. "जावायानं बिगडलेला फोन गळ्यात मारला," असं त्या महिनाभर शेजारणींना सांगत होत्या. पडदा बदलताना तो फोन एकदा काळा होऊन मग उजळायचा, तर त्या म्हणायच्या, बगा, फीट येतीय त्याला. त्यांनीच त्याचं नाव पाटी ठेवलं आणि पाहता पाहता अख्ख्या गावात 'नानांची पाटी' झालं. नानांचा जुना मोठा फोन मात्र त्यांनी स्वतःकडे घेतला, नवीन सिम टाकलं, आणि त्यावर कीर्तनं आणि पुरणाच्या पोळ्या बघू लागल्या.

नानांनी पाटीचा नेम केला. "दोन वेळचं जेवन, दोन वेळचा फोन." सकाळी चहानंतर ओट्यावर बसून आलेले निरोप वाचायचे आणि ज्यांचे फोन चुकले त्यांना उलटा फोन करायचा. तसंच संध्याकाळी. मधल्या वेळात पाटी भिंतीतल्या देवळीत. अडलेल्याने घरी यावं किंवा विजयना फोन करावा. पहिले काही दिवस त्यांचा हात सारखा खिशाकडे जायचा, तंबाखू सोडलेल्याचा जातो तसा. मग तो जायचा थांबला. माणसाशी बोलताना नाना पूर्ण त्याच्याकडे बघू लागले. शेतात बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभे राहू लागले. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली, तर सासूबाई घाबरून नाकाशी बोट धरून बघायला धावल्या, कारण दिवसा झोपलेले नाना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. डॉक्टरांनी गोळी पुन्हा कमी केली.

आणि मग त्यांची ती सवय सुरू झाली, जिने गावाला बेजार केलं. कुणी यायचा आणि तावातावाने म्हणायचा, "नाना, त्या ग्रामसेवकानं काय केलंय, बगा की ह्ये!" आणि फोन पुढे करायचा. नाना फोनला हात लावत नसत. "माज्या पाटीवर असलं येत न्हाई. तू वाचून दाखव." वाचायला लागला की पहिली ओळ बरी जायची, दुसरीला आवाज उतरायचा, आणि तिसऱ्या ओळीत ग्रामसेवकाच्या आईचा उद्धार आला की वाचणारा खाकरायचा. "पुढं?" नाना शांतपणे विचारायचे. "पुढं... आसंच हाय काहीबाही." "तोंडानं म्हनता येत न्हाई, मंग बोटानं कावून धाडायलास?" यावर समोरचा फोन खिशात घालून चपला शोधायचा. आमच्याकडे माणूस थोरल्यासमोर विडी लपवतो, तशी तो ती ओळ लपवायचा. बोटांना ती किती सोपी होती, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळायचं.

या शांततेची किंमतही होती. आता आमच्या भागात मयताचा सांगावा घेऊन कुणी येत नाही, स्टेटसवर फोटो लागतो. नानांचा एक जुना सोबती असाच गेला आणि नानांना दहाव्याला कळलं. त्या घरच्यांनी नानांकडे पाठ फिरवली. नाना उन्हात त्यांच्या दारात उभे राहिले, आत बोलावेपर्यंत. विजय म्हणाले, "नाना, असं कसं चालंल? जगाला ठावं असतं ते तुमालाच ठावं नसतं." नाना म्हणाले, "त्येची लाज वाटली. पर माजं काळीज आता ठिकाणावर हाय, इजय. ते पुन्हा न्हाई देनार मी." मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे सुखासुखी चालणार नाही.

तसंच झालं. आमचे साहेब, म्हणजे ज्यांच्या मागे आमचं घर वर्षानुवर्षं उभं होतं ते मोठे पुढारी, त्यांचा वाढदिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे रीत अशी की दिवस उजाडायच्या आत प्रत्येकाच्या स्टेटसवर साहेबांचा फोटो लागला पाहिजे. कोण कुणाचा आहे हे त्यावरूनच ठरतं. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल, पण फोटो नाही लागला म्हणून इथे सोयरिकी मोडल्या आहेत. नानांचा फोटो लागला नाही. लागणार कुठून? त्यात कुणीतरी शोधून काढलं की नानांच्या नावापुढचा साहेबांबरोबरचा फोटोही गेला आहे, तिथे नुसतं करडं वर्तुळ आहे. व्हॉट्सॲप काढून टाकलं की तसं होतं, हे कुणी लक्षात घेतलं नाही. दुपारपर्यंत तालुक्यात एकच वाक्य झालं: नाना फुटले.

विजयनी परोपरीने विनवलं. "नाना, एक फोटो ठिवायला काय जातंय तुमचं?" नाना म्हणाले, "आजवर ठिवलाच की. एकदा न्हाई ठिवला म्हनून तुटत आसंल, तर ती दोस्ती फोटोचीच व्हती." कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. ज्याने म्हटलं तो आमच्या भागात राहत नसावा. दुसऱ्या दिवसापासून घरासमोरच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी येऊन थांबू लागली. आतले उतरत नसत, हॉर्न वाजवत नसत, थोड्या वेळाने निघून जात. विहिरीवरच्या मोटारीची वायर कुणीतरी कापली. दुकानदार मला साखर देताना माझ्याकडे बघेनासा झाला. विजय बाहेर गेले की मी दारातून आत आणि आतून दारात अशी येरझारा घालायची, आणि त्यांची मोटारसायकल वाजली की पाणी भरण्याचं सोंग करायची. नाना मात्र आपले सकाळी निरोप वाचत, शेतात जात. मला त्यांचा रागही येऊ लागला होता. यांची पाटी कोरी आहे, आणि सगळी भीती आमच्या वाट्याला.

मग विरोधी बाजूच्या पुढाऱ्याची माणसं शाल-नारळ घेऊन आली. त्यांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला, नाना आपणहून आले. आमच्याकडे घरी आलेल्याची शाल नाकारता येत नाही, तो त्याचा अपमान होतो. नाना "आरं, काय करायलाव, मी कुटंच गेलो न्हाई," म्हणेपर्यंत शाल खांद्यावर पडली होती आणि फोटो निघाला होता.

दोन दिवसांनी तो फोटो नवीन रूपात फिरू लागला. भोवती सोनेरी झालर, वर लाल अक्षरांत 'गद्दार', आणि बाजूला माझा फोटो. मागच्या संक्रांतीला त्या विरोधी पुढाऱ्याच्या बायकोने हळदीकुंकू केलं होतं, गावातल्या सगळ्या बायका गेल्या होत्या, मीही गेले होते. तिथे हसून वाण घेतानाचा माझा फोटो त्यांनी कापून लावला होता. खाली चार ओळी होत्या. नानांनी सुनेच्या जिवावर काय मिळवलं, असा त्यांचा अर्थ. शब्द मी इथे लिहिणार नाही. सकाळी पालीहून माझ्या वडिलांचा फोन आला. कशी आहेस हेही न विचारता ते म्हणाले, "सामान बांध. मी न्यायला येतो." म्हणजे पालीपर्यंत पोचलं होतं. विजय घरात आले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू गेलतीस का तिकडं?" हळदीकुंकवाला त्यांनीच मला मोटारसायकलवर सोडलं होतं. ते त्यांना आठवत होतं, तरी त्यांनी विचारलं. 

दुपारपर्यंत आमच्या अंगणात भावकीतली तरणी माणसं जमली, काठ्या घेऊन. तो फोटो कुणी बनवला हे सांगावं लागत नव्हतं. फाट्यावर दिगंबरचं बॅनरचं दुकान आहे, सगळे त्याला दिगा म्हणतात, आणि तालुक्यातल्या प्रत्येक वाढदिवसाला तो तीच सोनेरी झालर लावतो. फाट्यावर साहेबांची माणसंही बसलेली असतात. आमची माणसं तिथे गेली असती तर त्यातली सगळी परत आली नसती, आणि सगळ्यांत पुढे विजय उभे होते. मी दाराआड होते. मला ओरडायचं होतं की जाऊ नका, पण मी नुसती दाराची कडी धरून राहिले.

एवढ्यात नाना शेतातून आले. काठ्या बघितल्या आणि विजयना विचारलं, "काय झालंय?" विजयनी फोन पुढे केला. नानांनी हात मागे घेतला. "वाचून दाखव." विजय लाल झाले. "नाना, ह्ये वाचायसारखं न्हाई." "बरं. मंग ज्यानं लिवलंय त्योच वाचंल." त्यांनी काठ्यांकडे बोट केलं. "ह्या हितं ऱ्हातील आन तुमीबी हितंच ऱ्हाताल. एकजनबी मागं आला तर माजं तोंड बघायचं न्हाई." आणि मग त्यांनी दाराकडे बघून मला हाक मारली. "पोरी, चप्पल घाल. चल."

आमच्या घरची सून फाट्यावर पायी कधी गेली नव्हती. मी पदर घट्ट धरून त्यांच्या मागे चालत होते. दारादारांत बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांनी तो फोटो बघितला होता, हे त्यांच्या बघण्यावरून कळत होतं. नाना एकदाही मागे वळले नाहीत, फक्त मी मागे पडले की हळू चालत.

दुकानासमोर मोटारसायकलींवर सात-आठजण बसले होते. ती पांढरी गाडीही होती. आम्हाला बघून दिगा बाहेर आला. याचं लग्न नानांनी शब्द टाकला म्हणून जमलं होतं. "या नाना, बसा. च्या सांगू का?" "च्या नगं. माज्या पाटीवर तुजं काम दिसत न्हाई, म्हनून आलोय." नाना मोटारसायकलवरच्या एकाकडे वळले. "तुज्या फोनात असंल की. दे त्येच्याकडं." तो इतका गोंधळला की त्याने दिला. नाना दिगाला म्हणाले, "ही माजी सून. हिच्या तोंडाकडं बघ, आन वाच. वरून खालपतोर."

दिगाने फोन धरला. ओठ हलले. गाडीतून एकजण उतरला, मागचं दार उघडून आत हात घातला आणि म्हणाला, "नाना, गप घरी जावा. तमाशा नका करू." त्याचा हात आत कशावर आहे ते मला दिसत नव्हतं. नाना त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तमाशा न्हाई, वाचन हाय. तुमीबी ऐका." दिगा वाचत नव्हता. माझ्याकडेही बघत नव्हता. त्याची बायको पिठाचे हात घेऊन मागच्या खोलीतून आली. तिने त्याच्या हातातून फोन घेतला, मनात वाचला, माझ्याकडे बघितलं आणि फोन त्याच्यापुढे आपटला. "वाचा की," ती म्हणाली, "मलाबी ऐकू द्या."

दिगा खाली बसला. "नाना, त्यांनी मजकूर दिला, मी निस्तं छापलं. मी काय बी केलं न्हाई." नानांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा उतरला. "मीबी एकदा निस्तं पुढं धाडलं व्हतं," ते म्हणाले. "म्हातारीचा हात मोडला." गाडीच्या दाराशी उभ्या माणसाने हात रिकामाच बाहेर काढला आणि दार लावलं. दिगाने उठून माझ्यापुढे हात जोडले. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी त्याच्या बायकोकडे बघत राहिले.

परतताना गाव जवळ आल्यावर नाना एका कडुलिंबाखाली थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी खोडाला हात टेकला, तो हात थरथरत होता. मग खांदा, मग सगळं अंग. मी घाबरून म्हणाले, "नाना, बसा. काय होतंय?" ते मुळीवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सकाळीच समजलं व्हतं, पोरी. तुज्या सासूनं मोठ्या फोनात दाखवलं. सगळं वाचलं मी. तुज्याकडं बघायचं धाडस झालं न्हाई, म्हनून न जेवता शेतात गेलो." मी उभीच्या उभी राहिले. दिवसभर मला वाटत होतं, निदान एका माणसाने तरी ते वाचलेलं नाही. "मग मला कशाला नेलंत?" मी विचारलं, आणि मला रडू फुटलं. "इतक्या लोकांपुढं कशाला नेलंत?"

"एकटा गेलो असतो तर त्यानं वाचलं असतं," नाना म्हणाले. "मला बघून त्यो वाचू शकला असता. तुला बघून न्हाई." मग अगदी हळू, "आन वाचलंच असतं तर काय केलं असतं, ते मला म्हाईत नव्हतं. लई भ्यालो गं. माफ कर." एवढा मोठा माणूस माझी माफी मागत होता आणि मला त्याला उठवून घरी न्यायचं होतं. मी त्यांचा हात धरला. घराचं वळण येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि वळणावर स्वतःच सोडला, कारण अंगणात माणसं बघत होती. त्या संध्याकाळी वडील आले. नाना त्यांच्याशी आत बसून बोलले. काय बोलले मला माहीत नाही, पण वडील मला न घेता गेले.

फोटो पुसून काही पूर्ण पुसला गेला नाही, अजूनही कुठे कुठे असेल. पण तोंडावर कुणी काही बोललं नाही आणि ती पांढरी गाडी पुन्हा आमच्या रस्त्यावर थांबली नाही. विजयनी मला त्या प्रश्नाबद्दल कधी काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला जायचं का, असं आपणहून विचारलं आणि सोडायला आले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाना गेले, शेतातल्या बाजेवर बसल्या बसल्या. आधी काही तक्रार नव्हती. साहेब आले, विरोधी बाजूवालेही आले, आणि दोघांनी आपापल्या स्टेटसवर नानांचा फोटो लावला.

पाटी नणंदेने मला ठेवायला दिली. मी ती चार दिवस वापरली आणि परत मोठा फोन घेतला. सासूबाई हसल्या. पण भित्र्या माणसाला बघण्याची भीती वाटते, त्याहून न बघण्याची जास्त वाटते, त्याला मी काय करू? विजयनीही आठवडाभर वापरून पाहिली आणि देवळीत ठेवली. नानांसारखं काळीज ठिकाणावर ठेवणं आम्हाला जमलं नाही. आता निवडणुका जवळ आल्या आहेत, जेवताना ताटाशेजारी फोन वाजतो, आणि विजयचा घास हातातच थांबतो तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसते.

मागच्या आठवड्यात अंगणवाडीतली मीरा आमच्या ओट्यावर येऊन बसली. पंचविशीची विधवा पोर. तिच्याबद्दल कुणीतरी गावच्या ग्रुपवर तसलंच काही टाकलं होतं. तिला सासरा नाही, भाऊ कारखान्याला ऊसतोडीला गेलेला. ती रडत नव्हती, नुसती जमिनीकडे बघत होती. कुणी टाकलं ते तिला ठाऊक होतं. त्याचं घर वेशीजवळ आहे आणि त्या घराला सगळं गाव टरकून असतं. विजय बाहेरगावी होते. मी आत जाऊन पाणी प्यायले, भांडं पालथं घातलं, पुन्हा सरळ केलं.

"तू कावून जायलीस?" सासूबाईंनी माझं तोंड बघून ओळखलं. "भ्या वाटत न्हाई का तुला?"

"वाटतंय की," मी म्हणाले. "लई वाटतंय."

मी चपला घातल्या आणि वेशीकडे निघायला मीराचा हात धरला. तो माझ्या हाताइतका थरथरत नव्हता.